नापास नाण्यावरचं टेबल

१

आमच्या ह्यांना जगात जे जे नापास झालं ते आवडतं. माझा नंबर त्यात कसा लागला, ते मी विचारत नाही.

हे पाणीखात्यातून रिटायर झाले आणि अर्धवेळ असलेलं वेड पूर्णवेळ झालं. नाणी जमवतात. पण सोन्याचांदीची नाही, आणि बाजारात चाललेली तर मुळीच नाही. टाकसाळीत नवं नाणं काढायचं ठरलं, की आधी निरनिराळी चित्रं कोरून थोडे नमुने पाडून बघतात. त्यातलं एखादं पसंत पडतं, बाकीची बाद. ती बाद झालेली, कोणाच्या खिशात कधी न गेलेली नाणी ह्यांना हवी असतात. मी त्यांना नापास नाणी म्हणते. माझे सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, ते विचारायचे, "ज्या नाण्याने कधी कोणाच्या घरी भाजी आणली नाही, त्याचं काय लोणचं घालायचं?"

दर रविवारी जेवणं आटोपली की टेबल पुसून त्यावर निळं कापड अंथरायचं, आणि एकेक नाणं बाहेर यायचं. धरायचं ते कडेने. चित्राला बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा धातूला खातो म्हणे. लग्नात माझा हातसुद्धा ह्यांनी इतका जपून धरला नव्हता.

मी चष्म्याचं दुकान चालवते, डोळे तपासते. दुकान टीचभर, म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. तक्त्यावर अक्षरं उलटी छापलेली असतात, आरशात ती सुलटी दिसतात. जन्म गेला यात. उलटी गोष्ट दिसली की मी ती मनातल्या मनात सरळ करून टाकते, विचारसुद्धा करावा लागत नाही.

तर सांगायचं ते असं, की मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. 'मला कोपऱ्यात काहीतरी दिसतं' म्हणत येणाऱ्या माणसांना मी रोज भिंगाचा नंबर काढून देते, आणि दिसायचं बंद होतं.

२

ते टेबलाचं नाणं आमच्याकडे फार आधीपासून होतं. कथलाचं, एकाच बाजूला चित्र असलेलं, दुसरी बाजू कोरी. चित्रात एक टेबल, वर टांगलेला दिवा, आणि तीन माणसं जेवायला बसलेली. एक समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारातून बघावं तसं सगळं. चेहरे टाचणीच्या डोक्याएवढे, त्यामुळे बाप्या कोण, बाई कोण, तेसुद्धा कळायचं नाही.

"नापास का केलं हे?" मी एकदा विचारलं.

"कुठेच लिहिलेलं नाही. आवडलं नसेल."

"जेवणारी माणसं न आवडायला काय झालं?"

"तुला माझं जेवणं तरी कुठे आवडतं," हे म्हणाले.

आम्हीही तिघंच होतो. दारातून बघितलं तर समोर बाबा, डावीकडे मी, उजवीकडे हे. मूल झालं नाही, चौथी खुर्ची कधी घेतलीच नाही. पण तीन माणसं तीन बाजूंना कुठल्या घरात बसत नाहीत? त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

मग एका रविवारी सहज भिंग लावलं. समोरच्या खुर्चीच्या पाठीला, वरच्या टोकाशी, काहीतरी गुंडाळलेलं होतं. बारीक, एकाला एक लागून वेढे.

बाबांची खुर्ची तिथेच मोडली होती, आणि त्यांनी ती तांब्याच्या तारेने स्वतः बांधली होती. आम्ही नवी घेतो म्हणालो तर, "मी जाईपर्यंत टिकेल ती" असं म्हणाले होते. आणि हे नाणं बाबांच्या जन्माच्याही आधीचं.

"नक्षी असेल," हे म्हणाले.

"एकाच खुर्चीला?"

"अगं, कारागिराचा हात घसरला असेल. तू पण ना, राईचा पर्वत करतेस."

बाबा टेबलापाशी पेपर वाचत होते. त्यांना काही बोलायचं नाही असं आमचं दोघांचं न बोलता ठरलं.

३

नाणी पुरवणारा एक म्हातारा दलाल होता. कंबरेत असा वाकलेला, की आम्ही त्याला काटकोन म्हणायचो. त्याने दुसरं नाणं आणून दिलं तेव्हा ह्यांचा आनंद गगनात मावेना. तेच टेबल, तोच दिवा, पण माणसं दोनच. डावीकडे एक, उजवीकडे एक. समोर खुर्ची नाही, कोणी नाही, नुसती सपाट भिंत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांचं ते सुरू झालं.

जेवताना मध्येच म्हणाले, "बाजूला हो गं जरा. दिसत नाहीये."

मी माझ्या जागेवर बसलेली. "कुठून बाजूला होऊ, बाबा?"

"अशी पुढ्यात उभी राहू नकोस. ताट दिसत नाही मला."

मी त्यांना दुकानात नेलं. मोतीबिंदूची ऑपरेशनं आधीच झालेली, पडदा स्वच्छ, दाब ठीक. खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवलं आणि वर मलाच म्हणाले, "तुझ्या तक्त्याला रंग काढायला झालाय." घरी आलो, जेवायला बसलो, की पुन्हा तेच. दुसरीकडे कुठे नाही, फक्त त्या खुर्चीत. मी म्हटलं, खुर्ची बदलू. तर ऐकतील तर बाबा कसले!

शेवटी लहान मुलाची समजूत काढावी तसं मी करायला लागले. बसल्या जागेवरून म्हणायचे, "झाले हो बाबा बाजूला."

"नाही झालीस," बाबा म्हणायचे. चिडून नाही. नुसतं सांगायचं म्हणून.

एका संध्याकाळी ते जेवता जेवता गेले. वय झालं होतं, डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, आणि हृदय थांबतंच कधीतरी. मी पाणी आणायला आत गेले होते. बाहेर आले तेव्हा मला ते लगेच दिसले नाहीत. समोर होते, खुर्चीतच होते, पण दारातून मला दिसले नाहीत. मान वाकडी केली तेव्हा दिसले. हे मी कोणाला सांगितलं नाही. रडताना माणसाला काय धड दिसतं, असं स्वतःला समजावलं. पण खरं सांगायचं तर तेव्हा मी अजून रडायला लागले नव्हते.

४

बाबा गेल्यावर घर फार मोठं झालं. आम्ही एकमेकांशी उगीचच मोठ्याने बोलायचो.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघंही वळसा घालतो. स्वयंपाकघरातून टेबलाकडे यायचं तर बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढून सरळ वाट होती. पण ह्यांच्या हातात पातेलं असो, पेपर असो, तिथे आले की हे खांदा तिरका करून बाजूने यायचे. बसमध्ये उभ्या माणसाच्या कडेने जातो ना, तसे. मीही तेच करत होते.

"तुम्ही असे तिरके का चालता?" मी विचारलं.

"कुठे चालतो?" हे खरोखर गोंधळून म्हणाले.

त्या रविवारी हे दोन्ही नाणी शेजारी मांडून बसले होते. दोन माणसांचं डावीकडे, तीन माणसांचं उजवीकडे.

"हे आधीचं," हे दोन माणसांच्या नाण्याकडे बोट करून म्हणाले. "साच्यात चित्र खोल कोरलेलं असतं, उलटं. तो धातूवर दाबला की नाण्यावर सुलटं उठून येतं. साच्यात भर घालता येते, पण एकदा कोरलेलं पुसता येत नाही. म्हणजे आधी दोन माणसं, मग तिसरं कोरलं. सोपं आहे."

मी भिंग लावून बघत होते. "ही रेघ कसली? डाव्या काठाकडून आत आलेली?"

"साचा तडकला की चिरेत धातू शिरतो, त्याची रेघ उठते."

"मग ती चीर पुढे मिटते?"

"मिटेल कशी? वाढतच जाते."

"अहो, मग तुमच्या ह्या आधीच्या नाण्यावर ती लांब का? आणि तिघांच्या नाण्यावर जेमतेम काठापाशी आहे."

ह्यांनी भिंग माझ्या हातातून घेतलं. आधी एक नाणं बघितलं, मग दुसरं. पंख्याने निळ्या कापडाचा कोपरा हलत होता. मग त्यांनी नाण्यांच्या जागा बदलल्या.

"म्हणजे तिघं होते, आणि मग एक गेला," मी म्हटलं.

"असं होऊच शकत नाही. कोरलेलं घालवायचं कसं? एकच उपाय असतो. त्या जागी अजून खोल कोरायचं."

"मग नाण्यावर काय होईल?"

"तिथे उंचवटा येईल. आधीच्या माणसापेक्षा उंच. म्हणजे..." हे थांबले. "म्हणजे त्याच्यापुढे काहीतरी उभं केल्यासारखं."

मी दोघांच्या नाण्याला बोट लावलं. "अगं अगं!" म्हणून हे किंचाळले, पण मी लावलं. जिथे सपाट भिंत दिसत होती, तिथे माझं बोट वर चढलं.

५

दुकानात एक यंत्र आहे, डोळ्यावर तिरका उजेड पाडायचं. बुबुळावरचा ओरखडासुद्धा त्यात डोंगरासारखा दिसतो. ह्यांना न सांगता मी ते दोघांचं नाणं नेलं आणि त्याच्यापुढे धरलं.

उजेड फिरवत फिरवत एका कोनात आणला आणि मला दोन खांदे दिसले.

बाकी काही नाही. वर गोलसर, खाली रुंद, सगळं गुळगुळीत. फार जवळ उभ्या असलेल्या माणसाचं जसं काही दिसत नाही, नुसता आकार कळतो, तसं. पाठ आपल्याकडे होती की तोंड, ते कळत नव्हतं. मी उजेड बंद केला आणि दुकानातले सगळे दिवे लावले. भर दुपार होती, तरी लावले.

मग स्वतःचीच नजर तपासली. ठिपके दिसले की बटण दाबायचं, ती तपासणी. एकही ठिपका चुकला नाही. माझे डोळे चांगले आहेत. ते वाईट निघाले असते तर मी देवाचे आभार मानले असते.

घरी आले तर हे फोनवर, आवाज चढलेला. काटकोनाला त्या टेबलाच्या चित्राचं अजून काहीतरी सापडलं होतं. नाणं नव्हे, खुद्द साचा. अगदी शेवटच्या अवस्थेतला.

"त्यात माणसं किती आहेत?" मी विचारलं.

"एकच आहे म्हणतो. उद्या दुपारी जाऊन आणतो."

"नका आणू. तुमच्या पाया पडते, पण तो घरात नको."

"अगं, बाबा त्र्याऐंशी वर्षांचे होते," हे मऊपणे म्हणाले. "नाण्याने कोणी मरत नाही."

"मग वळसा का घालता?"

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. कानावरचे केस वाढलेले, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं, आणि मनात साचा आधीच आणून ठेवलेला. ह्या माणसाशिवाय ह्या घरात मी काय करणार होते?

६

सकाळी मी ह्यांच्याआधी काटकोनाकडे पोचले आणि साचा घेऊन टाकला. "साहेबांना सरप्राइज?" त्याने वाकूनच विचारलं. मी हो म्हटलं.

साचा पोलादाचा, मुठीत मावेल एवढा, पण हाताला चांगलाच जड. घरी न्यायचा नाही हे ठरलंच होतं. दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि बघायला बसले. एकदाच बघायचं, कोण उरतं ते, आणि मग नदीत टाकायचा.

पण खोल कोरलेलं, काळपट पोलाद. डोक्याने उजेड अडायचा, तळाशी अंधारच. शेवटी फ्रेम लावून बघायला गिऱ्हाइकांना देते तो हातातला आरसा तिरका धरला, साच्यावर दिवा सोडला, आणि आरशात भिंगातून पाहिलं. तसं छान दिसलं. टेबल. दिवा. माणूस एकच, उजवीकडे. डावीकडे बोट घातलं तर नखापर्यंत आत गेलं.

साचा उलटा असतो, मी स्वतःला बजावलं. ह्यांनी शंभरदा सांगितलंय. म्हणजे उजवीकडे दिसतो तो खरा डावीकडचा. डावीकडे मी बसते. मी उरते. उजवीकडे हे.

म्हणजे आता ह्यांची पाळी.

चिरेकडे बघितलं. ती नाण्यावर होती तशीच डाव्या काठाने आत आलेली, आता पार टेबलापर्यंत पोचलेली. त्यात मला काही खटकायला हवं होतं. खटकलंही, पण काय ते कळेना, आणि कळून घ्यायला मी थांबले नाही. मला एकच सुचलं होतं. साच्याला माणसं ओळखू येत नाहीत. चेहरे टाचणीच्या डोक्याएवढे. त्याला कळतात त्या फक्त जागा.

नदीत टाकायचा धीर झाला नाही. साचा खणात ठेवला, कुलूप लावलं.

७

"आजपासून तुम्ही माझ्या खुर्चीत बसा," मी म्हटलं.

"का बरं?"

"माझ्या पाठीवर वारा येतो."

"मग माझ्या पाठीवर येऊ दे?"

"तुमची पाठ जाड आहे. बसा म्हटलं ना."

"हुकूम," म्हणत हे उठले आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले, नवरदेव बसतो तसे, हात मांडीवर ठेवून. मी ह्यांच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला आमचं जेवणघर त्या बाजूने दिसत होतं. ह्यांना मी रोज अशी दिसत असेन, असं मनात आलं. घास उतरेना, पण मनाला फार बरं वाटत होतं.

साचा कोणीतरी आधीच नेला, असं काटकोनाने सांगितल्याचं हे हळहळून म्हणाले. मी मान खाली घालून जेवत राहिले. येऊ दे काय यायचं ते, माझ्यापुढे येऊ दे. मी तयारी करून बसले होते. किल्ल्या कुठे आहेत, गॅसचं कोण बघतं, ह्यांची गोळी कुठली कधी, सगळं बोलता बोलता सांगून टाकलं.

"कुठे गावाला निघालीस का?" ह्यांनी विचारलं.

"निघाले तर पंचाईत नको तुमची."

दिवस गेले आणि काहीच झालं नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ताट दिसत होतं, ह्यांचा चेहरा दिसत होता, मिशीला लागलेलं शीत दिसत होतं. मी हसायला लागले. एकदा तर बाबांच्या खुर्चीपुढून मुद्दाम सरळ चालून बघितलं. नाही जमलं, पण बघितलं.

८

काल संध्याकाळी ताटं वाढून झाली आणि हे खिशातून कागदाची पुडी काढून माझ्याकडे बघत हसले.

"चोर," हे म्हणाले. "साचा तूच घेतलास ना? काटकोनाला पोटात काही ठेवता येतं होय! माझ्या वाढदिवसासाठी लपवलायस ना?"

मी आमटीची वाटी ह्यांच्याकडे सरकवली.

"पण त्याने आधीच एक ठसा काढून ठेवला होता माझ्यासाठी. कथलावर. तोच घेऊन आलो. साच्यात डोळे फोडायला नकोत. हा बघ, सुलटा."

ह्यांनी ती चकती कडेने धरून आमच्या दोघांच्या ताटांमध्ये ठेवली, दाराकडून बघावी तशी. मला भिंगाची गरज पडली नाही.

माणूस उजवीकडे होता. उजवीकडे मी बसले होते.

साचा उलटा. आरशाने तो मला सुलटा करून दाखवला होता. आणि मी शहाणीने तो मनातल्या मनात पुन्हा उलटा केला. चीर नाण्यासारखीच डावीकडे दिसली, तेव्हाच कळायला हवं होतं. जन्मभर आरशासमोर बसून मी एवढंच शिकले होते आणि तेच चुकले. पाळी माझी होती. मी माझ्या हाताने, हट्ट करून, ह्यांना माझ्या खुर्चीत बसवलं होतं.

"उठा," मी म्हटलं. "अहो, उठा आधी तिथून!"

मी वर बघितलं. टेबलावर ह्यांचं ताट होतं. ताटाच्या काठावर ह्यांचा हात होता, मनगटापर्यंत, घड्याळासकट. त्याच्यापुढे भिंतीचा रंग होता. नुसता रंग, गुळगुळीत, दिव्याचा उजेड त्यावर वरून खाली गोल उतरत होता. मी मान वाकडी केली. आणखी वाकडी केली. तोही तेवढाच सरकला.

"अगं," ह्यांचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासा वैतागलेला. "अशी पुढ्यात काय येतेस? बाजूला हो ना जरा. दिसत नाहीये मला काही."

टेबलाखालून मी पाय लांब केला. ह्यांच्या पायाला लागला. ऊब होती अजून. ओरडावं असं वाटत होतं, पण ह्यांना भीती वाटू नये असंही फार वाटत होतं, आणि तेच वरचढ ठरलं. मी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या.

"झाले हो बाजूला," मी म्हटलं.

ताटाच्या काठावरची बोटं जराशी हलली.

"नाही झालीस," हे म्हणाले.